उघाडीवरची गाठ

आमच्या कोपरच्या खाडीकाठी पाणी चाखून भात पेरतात. पावसाळा लागून शेतात पाणी साचलं की बांधाचा म्होरक्या चिखलात उतरतो, बोट बुडवून जिभेला लावतो आणि थुंकतो. तो काही न बोलता वळला तर सगळे मुकाट घरी. तो ‘फेका’ म्हणाला, तर मोड आणलेलं लाल भाताचं बियाणं त्याच दिवशी चिखलात फेकायचं. जमीन मुळात खाडीची. वाडवडिलांनी मातीचा बांध घालून ती मिळवली, पण खार तिच्या पोटात राहिलाच. वर गोडं पाणी उभं असेतो तो खाली दबलेला असतो. पाणी आटलं की वर येतो आणि पिकाची मुळं जाळतो. आंबिवलीकडच्या टेकड्यांवर पाऊस चुकला तर नागली वाळते, पुढल्या साली पुन्हा पेरता येते. आमच्याकडे पाऊस चुकला तर जमीनच हातची जाते की काय, असं वाटायला लागतं.

बांधाला एक दगडी तोंड आहे, त्याला उघाडी म्हणतात. दगडाच्या खाचांत सागाच्या फळ्या एकावर एक बसवलेल्या. पावसाचं पाणी जास्त झालं तर ओहोटीला फळ्या उचलून ते खाडीत सोडायचं आणि भरती यायच्या आत फळ्या पुन्हा खाली टाकायच्या. उघाडी राखायची पाळी घराघरांत फिरते. दिवस उगवला की पाळी बदलते. जाणारा माणूस फळ्या नीट बसल्यात हे हाताने चाचपतो आणि वरच्या खुंटीला पेंढ्याची गाठ मारून घरी जातो. येणारा ती गाठ सोडतो. गाठ सोडली की त्या घडीपासून उघाडी त्याची. दोघांची भेट व्हायलाच पाहिजे असं नाही. गाठ आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

ही गाठ मी एकदा खोटी मारली.

त्या साली श्रावणाच्या मध्यावर पाऊस गेला तो परत आलाच नाही. भादवा निम्मा झाला तरी आभाळ पांढरं. भात पोटरीत आलं होतं, आठ-पंधरा दिवसांत निसवलं असतं, लोंब्या बाहेर पडल्या असत्या. शेतात घोट्याएवढं पाणी उरलं होतं, त्यावरच सगळ्यांचा जीव. म्होरक्याने घरोघरी फिरून बजावलं होतं की पाऊस येईपर्यंत उघाडीची फळी कोणी हलवायची नाही, ओंजळभर पाणीसुद्धा बाहेर जाता कामा नये. तो रोज सकाळी पाणी चाखायचा. लोक त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, आजारी माणसाच्या दारात वैद्याची वाट बघतात तसे.

त्याच दिवसांत माझा सासरा मुलीला न्यायला येणार होता. बायकोला सातवा लागला होता, पहिलं बाळंतपण माहेरी. सासरा आंबिवलीच्या पलीकडचा, टेकडीच्या उतारावर नागली-वरी पिकवणारा. माणूस वाईट नाही, पण त्याची जीभ धारेची. माझ्या लग्नाच्या पंगतीत चार माणसांत तो बोलला होता, की खाडीवाल्यांचा जिताडा नुसता तोंडात असतो, ताटात कधी येत नाही. पंगत हसली. मीही हसलो. पण ते बोलणं मी दोन वर्षं विसरलो नव्हतो.

जिताडा हा मासा खाडीचा. बोटाएवढा असताना तो उघाडीतून आत येतो आणि शेताच्या पाण्यात वाढतो. उघाडीच्या आतल्या अंगाला एक खोलगट कुंड आहे. पाणी आटलं तसा त्या साली त्यात एक मोठा जिताडा अडकला होता. त्याची पाठ सकाळी पाण्यावर दिसायची. दोनदा मी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून बघितला, दोन्ही वेळा तो उघाडीच्या दगडाखाली जाऊन बसला. त्याला काढायचा एकच उपाय होता. ओहोटीला तळची फळी उचलायची, बाहेरच्या बाजूला जाळ्याची पिशवी लावायची. पाण्याच्या ओढीबरोबर मासा आपोआप पिशवीत.

सासरा यायचा होता पौर्णिमेला. आदल्या दिवशीची पाळी माझ्या घराची होती आणि माझ्यानंतरची माझ्या चुलत भावाची.

त्याला मी दादूस म्हणायचो. आमची घरं भिंतीला भिंत लागून. वडील लवकर गेल्यावर औताला बैल कसा जुंपायचा, बांधातलं खेकड्याचं बीळ टाचेने कसं ओळखायचं, हे मला त्याने शिकवलं. मी कल्याणच्या शाळेत चार बुकं शिकून आलो तेव्हा सगळ्या आळीत त्यानेच मिरवून सांगितलं. मला वाचता-लिहिता येतं ते आता हे लिहायच्या उपयोगी पडतं आहे.

पौर्णिमेच्या दिवशी उजाडताना ओहोटी पुरती लागलेली होती. मी वरच्या फळ्या काढून बांधावर ठेवल्या, तळची वीतभर उचलली. पाणी सुटलं. ते एवढ्या जोराने सुटेल असं मला वाटलं नव्हतं. पिशवी फुगली, आत काहीतरी जड आदळलं. मी फळी लगेच सोडली.

फळी दगडावर टेकते तेव्हा एक भरीव आवाज येतो. तो आला नाही.

मी कुंडात उतरून हात घातला. पाण्याच्या ओढीबरोबर दगडाची एक कपची येऊन फळीच्या कोपऱ्याखाली बसली होती. दोन बोटांची फट. कपची काढायची तर फळी पुन्हा उचलायला हवी, म्हणजे आणखी पाणी जाणार, आणि तेवढ्यात बांधाच्या टोकाला दादूस दिसला. खांद्यावर काठी, काठीला भाकरीचं फडकं. मासा ओल्या गवताखाली टोपलीत फडफडत होता. मी फळी हलवली हे त्याला कळलं असतं तर तो मला चार शिव्या देऊन माझ्याबरोबर कुंडात उतरला असता, आणि दोघांनी मिळून ती कपची काढली असती. एवढंच झालं असतं. पण मला तेव्हा म्होरक्याचं तोंड दिसत होतं, गावभर होणारी चर्चा दिसत होती, आणि त्याच दिवशी दारात येणारा सासरा.

मी पेंढा आणि चिखल कालवून फटीत दाबला, वरच्या फळ्या टाकल्या आणि खुंटीला गाठ मारली. मग मिठागराच्या अंगाने घरची वाट धरली.

मागून दादूसने हाळी दिली, “काय रं, सासरा येतंय ना आज?”

मी न वळता हात वर केला.

बायकोने टोपलीतलं गवत बाजूला केलं आणि मासा कुठला म्हणून विचारलं. मी कल्याणच्या बाजारचा सांगितलं. ती माझ्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे बघत होती. कल्ले अजून हलत होते. ती जराशाने म्हणाली, “बाजारचा मासा शेताचा चिखल ओकीत नाय.” पुढे काही विचारलं नाही. मासा साफ केला, एरवी कोंबड्यांना टाकते ते खवले त्या दिवशी न्हाणीमागच्या राखेच्या खड्ड्यात पुरले. मी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं.

सासरा दुपारच्या आत आला. येतायेताच टेकडीचं रडगाणं. नागलीची पानं सुरळी होऊन वाळली, वरीला कणसंच धरली नाहीत, डोंगरातली माणसं कंद उकरून खायला लागलीत. मग पान मांडलं. जिताड्याचं आंबट, तळलेल्या तुकड्या, तांदळाच्या भाकऱ्या. त्याने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यासाठी मी हे सगळं केलं होतं, आणि ते मला मिळालं. पण मला तेव्हा फक्त बांध ऐकू येत होता.

पौर्णिमेची भरती आमच्याकडे दुपारी चढते. भरती चढताना घरात बसूनही कळतं. वारा फिरतो, चिखलाचा वास जातो आणि पाण्याचा येतो. तो यायला लागला होता. फटीतला पेंढा टिकेल, असं मी स्वतःला सांगत होतो. माझं ताट कधीच संपलं होतं. पण वडीलधारा पाहुणा जेवत असताना पानावरून उठायचं नाही, आणि माझा सासरा काटे एकेक काढून, चोखून, पानाच्या कडेला ओळीने मांडत जेवत होता. त्याला आणखी भाकरी हवी होती. त्याला आमसुलाची चव लागत होती, ती कुठली हे विचारायचं होतं. बायको वाढता वाढता माझ्याकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची.

“आता नाय बोलनार तुमच्या खाडीला काय,” सासरा म्हणाला. “लगनातला शबुद माघारी घेतला, जावयबुवा.”

तेवढ्यात बांधावरून ओरड आली. आधी एकाची, मग बऱ्याच जणांची. शब्द कळले नाहीत, कळायची गरजही नव्हती. आमच्या गावात तसं ओरडायला दुसरं कारण नसतं. सासरा उष्ट्या हाताने उठला, मी त्याच्या मागे धावलो.

उघाडीच्या आतल्या बाजूला पाणी खालून उकळल्यासारखं वर येत होतं. माझा पेंढा केव्हाच गेला होता, आणि दोन बोटांच्या फटीतून घुसलेल्या पाण्याने फळीखालची माती खरवडून भगदाड पाडलं होतं. भरतीच्या वेळी पाळीच्या माणसाने उघाडीवर बसून राहायचं नसतं. बांधभर फिरून खेकड्यांची बिळं बुजवायची असतात. दादूस तेच करत पार पलीकडच्या टोकाला होता. तिथून त्याला पाण्याचा रंग बदलताना दिसला. मी पोहोचलो तेव्हा तो कुंडात गळ्याएवढ्या पाण्यात, फळ्यांना पाठ लावून उभा होता आणि वरून येणारी ढेकळं पायाने खाली रेटत होता. माणसांची रांग लागली. चिखलाचे गोळे हातोहात. माझा सासरा माझ्या शेजारी उभा राहून गोळे पुढे देत होता, त्याच्या हाताला अजून कालवणाचा वास होता.

भरती उतरेपर्यंत ते बंद झालं. म्होरक्याने शेतात उतरून पाणी चाखलं. मग त्याने एकेकाला चाखायला लावलं, कोणाला वाटायला नको की म्हातारा चुकला. मीही चाखलं.

पाऊस आला असता तर भात वाचलं असतं. दोन सरींनी खार धुऊन निघाला असता. रोज संध्याकाळी सगळं गाव टेकड्यांकडे तोंड करून उभं राहायचं. पाऊस आला नाही. भात निसवलं ते पांढरं. लोंब्या आल्या पण आत दाणा नव्हता, बोटांनी दाबलं तर नुसती हवा. चिखल सुकला तसा त्यावर मिठाचा थर धरला, आणि लहान पोरं तो जिभेने चाटून बघायची.

गावदेवीपुढे बांधाची बैठक बसली. म्होरक्या ओरडणारा माणूस नव्हता. त्याने दादूसला विचारलं, गाठ होती का? होती. तू सोडलीस? सोडली.

“खाली हात घातलास?”

दादूसने आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, “नाय घातला. गाठ याची व्हती.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ते संशयाने बघत नव्हते. पद्धत म्हणून विचारायचं तसं म्होरक्याने मला विचारलं, “तू फली बसवलीस ना रं?”

“बसवली,” मी म्हणालो.

बैठकीत मी एवढा एकच शब्द बोललो. त्यावर दादूस माझ्याकडे बघून मान हलवतो, मला धीर देतो आहे, असं मला वाटलं. त्याच्या मनात मी खोटं बोलतो आहे हे येण्यासारखंच नव्हतं.

गाठ सोडली त्याची उघाडी, हा नियम. दादूसच्या वाट्याची शेतं तीन पावसाळे पड ठेवायची, आणि त्याच्या घराची पाळी कायमची बंद. शेतं पड राहिल्याने माणूस उपाशी राहतो. पण पाळी बंद होणं त्याहून वाईट. ज्या घराला पाळी नाही त्या घरावर बांधाचा विश्वास नाही, आणि ते घर असूनही नसल्यासारखं. त्याच्या बायकोने पाणवठ्यावर जायची वेळ बदलली.

तीन पावसाळे काय खाणार, असं कोणी त्याला विचारलं नाही. विचारलं ते माझ्या सासऱ्याने. त्याने दादूसला त्या दिवशी पाण्यात उभा बघितला होता. भगदाडाच्या धांदलीत मुलीला न्यायचं राहिलं होतं; तिला न्यायला तो पुन्हा आला, आणि निघताना दादूसच्या दारात जाऊन म्हणाला, की माझ्याकडे उताराचं रान पडून आहे, दगड आहेत पण तुझं आहे असं समज, चल.

तो दिवस आणि पुढची वीसेक वर्षं मी एकाच भीतीत काढली. जिताडा त्या दिवशी माझ्या घरी शिजला हे तीनच माणसांना माहीत होतं. मला, बायकोला आणि सासऱ्याला. सासऱ्याला त्याचा अर्थ कळत नव्हता, तो डोंगरातला. पण दादूसला कळला असता. त्या दुष्काळात, बंद उघाडीमागच्या कुंडातला मासा ताटात कसा आला, हे ओळखायला त्याला एक क्षण पुरला असता. आणि आता ते दोघे एका उतारावर राहत होते, एका अंगणात विडी ओढत होते.

बायको आणि तान्ह्या मुलीला आणायला मी पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा हिवाळा होता. दादूस उतारावर दगड वेचून ताली रचत होता. सपाट चिखलात वाढलेला माणूस, त्याला उतारावर चालतासुद्धा येत नव्हतं, पावलं आडवी पडायची. त्याने मला मिठी मारली. मुलीच्या हातावर ठेवायला त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून त्याने तिला खुरासणीची पिवळी फुलं आणून दिली.

रात्रीच्या जेवणाला नागलीची भाकरी आणि कुळथाचं कालवण होतं. सासऱ्याने भाकरी मोडली आणि उसासा टाकला.

“ह्या भाकरीसंगती तो तुमचा—”

“बा, पोरीला घे जरा,” बायको आतून म्हणाली आणि मुलगी त्याच्या मांडीवर ठेवली. मुलीने त्याच्या मिशा ओढल्या, सगळे हसले, बोलणं दुसरीकडे गेलं. दादूस हसत होता.

पुढे दर खेपेला असंच. सासरा कल्याणच्या बाजारात आला की मी त्याला घरी आणताना दादूस बरोबर नाही ना हे बघायचो. दादूस आला की सासऱ्याचं नाव निघू नये म्हणून सारखा बोलत राहायचो. गावात मला बोलका म्हणायला लागले होते. बायको माझ्याशी या विषयावर कधीच बोलली नाही. फक्त तिने घरात पुन्हा जिताडा शिजवला नाही. कोणी आणून दिला तरी शेजारी देऊन टाकायची. मीही कारण विचारलं नाही.

तीन पावसाळे झाले तरी दादूस परतला नाही. पड शेतं मीच कसायला लागलो, राखण म्हणून. लोकांना त्यात माझा चांगुलपणाच दिसला.

दोन वर्षांमागे सासरा वारला. दहाव्याला नदीवर बसलो असताना मला जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. मला सुटल्यासारखं वाटलं.

ते फार टिकलं नाही. दादूसचा मुलगा आता मोठा झालेला, लग्नाचा. उतारावर नागली कितीही केली तरी दोन घरं जगत नाहीत, आणि जंगलातला टाहाळ तोडायला सरकारी मज्जाव झाल्यापासून राब, म्हणजे रोपाची जागा, भाजायलाही पाला मिळत नाही. तो मुलगा गावात आला आणि बांधाच्या बैठकीत उभा राहून म्हणाला, की आजोबांची शेतं आम्हाला कसू द्या, पाळी द्या. जुना म्होरक्या तोवर गेला होता. नव्या म्होरक्याने सांगितलं की शेतं तुमची, कोणी नाही म्हणत नाही; पाळी मात्र मिळणार नाही. पाळी नाही तर पाण्यावर हक्क नाही, आणि पाण्यावर हक्क नाही तर खारात भात होत नाही. मुलगा मान खाली घालून परत गेला. त्याच्यासाठी बघितलेली सोयरीकही त्याच आठवड्यात मोडली, मुलीकडच्यांना पाळीचं कळलं होतं.

मी चैत्रात डोंगरावर गेलो. दादूस राब भाजत होता. शेणी, गवत, वर मातीचा पातळ थर. धूर बसका चालला होता. मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो आणि सांगितलं. फळी, जाळं, कपची, पेंढा. जेवण. ‘बसवली’ हा शब्द. सगळं ओळीने सांगितलं, कारण ओळ मोडली असती तर मी थांबलो असतो.

तो काठीने आगीची कड सारखी करत होता. माझं संपलं तरी करत राहिला.

“मना ठाव हाय,” तो म्हणाला.

“कसं?” मी विचारलं.

“तुज्या सासऱ्यानं पयल्याच साली सांगतलं. जिताडा केवरा व्हता ते हातानी दाखवलं. गरीब मानूस, सारखा तेच सांगायचा. तू आलास का गप बसायचा; तुजी बायको त्याला बोलू देत नसं.”

“मग तू कधी बोलला का नाहीस?”

“काय बोलू? माजी गाठ सोरून झाली व्हती.” त्याने धुराने पाणावलेले डोळे पुसले. “मी वाट बगत व्हतो, तू येशील. पयली पाच-सा वर्सं बगितली. मंग नागलीत जीव रमला. आता मना काय नको. पोराला पाली पायजे. ती मी नाय मागू शकत. ती तुलाच मागायला लागंल.”

त्याने मला माफ केलं असं तो म्हणाला नाही. मी विचारलंही नाही. जेवायला थांब, असंही त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणाला नाही.

बैठक पावसाळ्याच्या तोंडाशी असते, पाळ्या ठरवायला. मी उभा राहिलो आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. माझी तयारी शिव्यांची होती. मारायला उठतील, असंही वाटलं होतं. झालं भलतंच. लोक ऐकत राहिले आणि मग एक जण मायेने म्हणाला, की खाली बस, आम्हाला कळतंय. दुसरा म्हणाला, “भावाच्या पोरासाठी अंगावर घेतंय. मोठं काळीज हाय त्याचं.” नवा म्होरक्या मान हलवत होता. वीस वर्षं पड शेतं राखणारा, तोंडाने गोड असा माणूस खोटी गाठ मारेल हे कोणाला पटत नव्हतं. मी जितकं सांगावं तितका मी त्यांच्या नजरेत मोठा होत होतो. दादूसचा मुलगा पायरीशी बसला होता. तोही माझ्याकडे बघत होता, आणि त्याला काय खरं वाटत होतं ते मला कळेना.

बैठकीत बायका बोलत नाहीत. त्या देवळाच्या मागल्या अंगाला उभ्या राहून ऐकतात. तिथून माझी बायको पुढे आली. डोक्यावरचा पदर तिने दातात धरला नव्हता.

“मासा मी कापला,” ती म्हणाली. “शेताचा चिखल व्हता त्याच्या तोंडात. खवले न्हानीमागं पुरलं. त्या दिसाला मी बोलले असते तर भावजी डोंगरावर गेलेच नसते. मना माज्या घरातला मानूस वाचवायचा व्हता, म्हनून नाय बोलले. आता सांगतेय. त्याची बरायी करू नका.”

म्होरक्याने मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. जे माझ्याकडे मायेने बघत होते ते जमिनीकडे बघायला लागले.

नियम तोच. माझ्या वाट्याची शेतं आता पड आहेत आणि माझ्या घराची पाळी बंद. मुलीच्या सासरी हे कळलं तेव्हा जावई भेटायला यायचा थांबला. बायको पाणवठ्यावर जाते, वेळ बदलत नाही. लोक बाजूला होतात, ती घागर भरून येते. आमच्यात आता या विषयावर बोलणं होतं, पण ते जुन्या गप्प बसण्याहून सोपं आहे असं मी म्हणणार नाही.

दादूस परत आला नाही. मुलगा आला. त्याला पाळी मिळाली.

या पावसाळ्यात मी एकदा लांबून उघाडीवर पाळी बदलताना बघितली. जाणाऱ्याने गाठ मारली. मुलगा आला, त्याने गाठीकडे बघितलंसुद्धा नाही. काठी बांधावर टेकली, सदरा काढला, कुंडात उतरला आणि खांद्यापर्यंत हात फळीखाली घालून कोपरा न् कोपरा चाचपला. मग वर येऊन गाठ सोडली. मला वाटलं, बापाच्या बाबतीत घडलं ते लक्षात असेल, म्हणून करतो. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या मागच्या पाळीचा माणूसही तसाच उतरला, आणि त्याच्या मागचाही. आता सगळेच उतरतात. गाठ मारायची पद्धत अजून आहे. जाणारा मारतो, येणारा सोडतो. पण कोणी तिच्यावर विसंबत नाही.